खिंडीपलीकडे सोडलेली मांजरं

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. गावांना तेव्हा वेशी होत्या, वेशींना दरवाजे होते, आणि डोंगरापलीकडचं गाव म्हणजे माणसाला दुसरा मुलूखच वाटायचा.

अशा एका डोंगराच्या पायथ्याशी हैबती नावाचा शेतकरी राहायचा. गावाबाहेर त्याचा मळा आणि मळ्यातच घर. घरात तो आणि त्याची बायको ठकूबाई. गोठ्यात दोन म्हशी, अंगणात कोंबड्या, परसात कडब्याची मोठी गंज. माणूस कष्टाळू होता, देवभोळा होता आणि थोडा तापट होता.

एका हिवाळ्यात कुठूनसा एक बोका मळ्यात आला. पिवळा, धिप्पाड, अर्ध्यावर तुटलेल्या शेपटीचा. ठकूबाईने त्याला उरलेली ताकभाकरी घातली.

"उंदरांना तेवढाच धाक," ती म्हणाली. हैबतीनेही मान डोलावली.

मग एक करडी मांजरी आली. परसात रोज ताकभाकरी पडत होती, अंग टाकायला गंजीची ऊब होती. कोण कशाला जाईल? दोन वर्षांत दोनाची अकरा झाली. ही पोरं काही माणसाळलेली नव्हती. हात पुढे केला की फिस्कारायची. छपरावर भांडायची, शिंक्यातलं दूध सांडायची. एका सकाळी तर कोंबडीच्या नऊ पिल्लांपैकी दोनच उरली. ठकूबाई कोंबड्या झाकायच्या डालग्याकडे बघत राहिली आणि हैबतीचं डोकं फिरलं.

शेजारचा मळेवाला म्हणाला, "विष घाल, मोकळा हो."

हैबतीने कानाला हात लावला. "मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं म्हणतात. ते पाप नको."

"मग पोत्यात भर आणि खिंडीपलीकडे सोडून ये. ना पाप, ना ताप."

हे हैबतीला पटलं. ठकूबाईने मात्र विचारलं, "पण धनी, पलीकडे कुणाचं घर असलं तर?"

"असेना. आपलं तर नाही ना?"

डालगं काठीवर टेकवायचं, खाली सुकटीची डोकी टाकायची आणि मांजर आत शिरलं की काठी ओढायची. रोज तीन-चार मांजरं सापडायची. हैबती ती पोत्यात घालून डोंगर चढायचा आणि पलीकडच्या उतारावर पोतं उघडायचा. मांजरं बाणासारखी झुडपांत पळायची.

चौथ्या दिवशी शेवटी राहिलेली करडी मांजरी सापडली. तिने हैबतीचे दोन्ही हात ओरबाडून काढले. पोत्यात ती वाटभर ओरडत होती. पलीकडे सोडल्यावर ती झुडपांत पळाली नाही. हैबतीला वळसा घालून ती खिंडीकडेच, आल्या वाटेने धावू लागली. त्याने दगड मारून तिला मागे फिरवलं. ती पुन्हा आली. त्याने पुन्हा दगड मारला. तिसऱ्यांदा ती दूर जाऊन उभी राहिली आणि नुसती बघत राहिली. मग हैबती घरी आला, हातांना हळद लावली आणि जेवून झोपला.

दुसऱ्या दिवशी दुपारी म्हशींना कडबा काढताना त्याच्या कानावर बारीक आवाज आला. त्याने पेंढ्या बाजूला केल्या. गंजीच्या पोटात चार पिल्लं होती. डोळेही न उघडलेली, एकमेकांच्या अंगावर चढत कुणाला तरी शोधणारी.

ठकूबाई आली. तिने पिल्लं बघितली, नवऱ्याचे ओरबाडलेले हात बघितले आणि ती दूध आणायला वळली.

तिने कापसाची वात दुधात बुडवून पिल्लांच्या तोंडाला लावली. दोघांनी थोडी चोखली. दोघांनी चोखली नाही, आणि ती दोन पिल्लं सूर्य मावळायच्या आत मेली.

"तिला घेऊन येतो," हैबती म्हणाला आणि उजाडताच पोतं घेऊन निघाला.

पलीकडच्या उताराखाली एक झोपडी होती. अंबू नावाची एक विधवा तिथे शेळ्या राखून राहायची. हैबती पोचला तेव्हा ती दारात डोक्याला हात लावून बसली होती. छपरावर, कुंपणावर, शेळ्यांच्या गोठ्यात, जिकडेतिकडे मांजरं होती.

"मावशी, एक करडी मांजरी दिसली का?"

अंबूने त्याच्या हातातलं पोतं पाहिलं, मग त्याचे हात पाहिले. "माझ्या दारात मांजरं आणून ओततो, तो तूच का?"

हैबतीने मान खाली घातली. "मीच."

आता ही शिव्या देणार, असं त्याला वाटलं. पण अंबूने उसासा सोडला. "तुला काय बोलू बाबा? तो पिवळा बोका बघ, तुटक्या शेपटीचा. दोन हिवाळ्यांमागे त्याला टोपलीत घालून मीच डोंगराच्या तुमच्या अंगाला सोडून आले होते. मलाही तेव्हा वाटलं होतं, सुटले एकदाची."



"आणि करडी? तिची पिल्लं माझ्या गंजीत भुकेली पडलीत. ती कुठंय?" हैबतीने हळूच विचारलं.

"परवा आली होती. शेळीचं दूध ठेवलं, तोंड लावलं नाही. कुंपणावर चढून डोंगराकडे बघत बसली. काल सकाळी नव्हती. घरीच निघाली असणार. पण खिंडीत तरस आहे रे."

हैबतीने परत फिरून खिंडीतलं एकेक झुडूप पाहिलं. हाक मारावी तर काय म्हणून मारणार? दोन वर्षं ती त्याच्या अंगणात राहिली होती, पण तिला नावच नव्हतं. ती सापडली नाही.

तो हताश होऊन घरी परतणार, तोच खालून अंबू धापा टाकत वर आली. "अरे, मघाशी सुचलंच नाही, माझ्याकडे एक मांजरी नुकतीच व्यालीय. तुझी पिल्लं घेऊन ये. पाजते का बघू."

हैबती उतारावरून धावतच सुटला. उरलेली दोन पिल्लं पागोट्यात गुंडाळून, छातीशी धरून तो त्याच दिवशी दुसऱ्यांदा डोंगर चढला. अंबूने ती आपल्या मांजरीच्या कुशीत ठेवली. मांजरीने हुंगलं. मग तिने त्या दोघांना चाटायला सुरुवात केली.

त्या दिवशी अंबूच्या दारात बसून दोघांनी विचार केला. अंबू म्हणाली, "जागा आणि उष्टं तसंच राहिलं, तर एक हाकललं की दुसरं येणार. डोंगराच्या या अंगाचं त्या अंगाला केलं, तर फक्त आपले पाय दुखतात."

मग निम्मी मांजरं हैबतीने परत नेली. त्याने कोंबड्यांना झापाचं, रात्री बंद होणारं खुराडं बांधलं, दुधावर जड झाकणं आली. परसात खरकटं फेकणं बंद झालं. मांजरांना ठरल्या वेळी, ठरल्या जागी, मोजकंच खाणं मिळू लागलं. गोऱ्हे खच्ची करणाऱ्या माणसाला बोलावून दोन्हीकडचे बोके खच्ची करून घेतले. आणि जी पिल्लं झाली, ती ठकूबाईने डोळे उघडल्यापासून मांडीवर खेळवली. ती माणसाळली. ज्याच्या घरी उंदीर होते आणि ज्याने आपण होऊन मागितलं, त्यालाच पिल्लू दिलं.

"मागून नेलेलं मांजर घरचं होतं," ठकूबाई सांगायची. "टाकलेलं रानचं होतं."

हे काही एका दिवसात झालं नाही. तीन-चार वर्षं गेली. रानटी होती ती शेवटपर्यंत रानटीच राहिली, पण मळ्यात म्हातारी झाली आणि मळ्यातच मेली. हळूहळू हैबतीकडे तीन मांजरं उरली आणि अंबूकडे चार. कोंबडीची पिल्लं वाढली, कणगीतलं धान्य शाबूत राहिलं. डोंगराच्या दोन्ही अंगांची माणसं एकमेकांना ओळखू लागली.

करडी मात्र परत आली नाही. हैबती पुढे कितीदा तरी ती खिंड ओलांडून गेला, आणि दर वेळी तिथे त्याची पावलं आपोआप मंद व्हायची.

तात्पर्य : आपली अडचण दुसऱ्याच्या दारात टाकून ती सुटत नाही, ती आपली मानून सांभाळली, तरच आटोक्यात येते.