पांढरी लेक

मातीला अजून कुणी मालक नव्हता, तेव्हाची गोष्ट. एका आंब्याच्या कोयीला काळजीने झोप लागेना. तिला फुटलेली लेक पांढरीशुभ्र होती. पंधरा दिवस झाले तरी पानांवर हिरवा ठिपका नव्हता.

शेजारची दूर्वा म्हणायची, "अगं बाई, किती गोरी गं लेक तुझी! आमची बघ, सगळी काळपट. दृष्ट काढत जा हो तिची."

कोय सुखावायची. रोज संध्याकाळी मातीच्या खड्यांनी दृष्ट काढायची, आणि मग आपण वेडी तर नाही ना, असं तिलाच वाटायचं.

पलीकडे उगवलेला टाकळा मात्र तोंडावर बोलला. "वहिनी, हिरवा रंग म्हणजे पानातली चूल. उन्हावर अन्न शिजतं ते त्याच्यात. हिच्यात चूलच नाही. तुमच्यातलं संपलं की ही संपली."

कोयीने टाकळ्याशी बोलणं टाकलं.

पण तिचा गर आटत चालला. शेवटी तिने सांगितलं, "बाळा, आजवर मी भरवलं. आता घासभरच उरलंय, आणि तुला स्वतःचं शिजवता यायचं नाही. हिरवा रंग तुला मिळालाच नाही गं."

लेक म्हणाली, "मग आई, तू रोज दृष्ट कशाची काढत होतीस?"