बैलाला कोणी विचारलंच नाही

लई वर्षांमागं, पिकं तोंड उघडून भांडायची तेव्हाची गोष्ट. नवं बियाणं तयार करणाऱ्या वत्सलाबाईंच्या रानात दोन ज्वाऱ्या होत्या. बुटकीचं कणीस गच्च भरलेलं, उंच थोरलीचं बेताचं. बाईंनी दोघींचे दाणे तोलले आणि म्हणाल्या, "थोरली पुढच्या वर्षी पेरायची नाही."

"ऐकलंस का म्हातारे?" बुटकी खिदळली. "नुसतीच वाढलीस!"

थोरली रडकुंडीला आली. शिकलेल्या माणसांचं हे असंच, तागडीत मावतं तेवढंच दिसतं.

तेवढ्यात पोवळ्या बैल आला. त्यानं बुटकीचा कडबा हुंगून नाक मुरडलं आणि थोरलीचा मचामचा खाल्ला. "बाई, दाणे तुम्ही खाल. नांगर ओढणाऱ्यानं काय खायचं?"

बाई ओशाळल्या. पुढच्या हंगामात त्यांनी दोघींनाही पेरलं, थोरलीचा पराग बुटकीच्या फुलोऱ्यावर झाडला आणि दुसरा पराग येऊ नये म्हणून वर कागदी पिशवी बांधली.

"हे काय गं?" बुटकी आतून ओरडली.

"गप ऱ्हा," थोरली म्हणाली. "तुझे दाणे आन् माझा कडबा आता एकाच लेकरात येणार."

"दोन्ही येऊ द्या," पोवळ्या रवंथ करत म्हणाला. "बुटकीचा तोरा तेवढा येऊ देऊ नका."