भुवईवरची अक्षता

गावात नव्हे, चांगल्या गजबजलेल्या शहरात एकदा एक वृद्ध छायाचित्रकार राहत असत. स्वतः फोटो काढणे त्यांनी सोडले होते. लोकांचे विस्कटलेले फोटो संगणकावर नीट लावून देणे, एवढेच काम ते करीत. हाताशी एक शिष्या होती. ती हुशार होती आणि बहुतेक हुशार माणसांसारखी जरा घाईचीही होती.

एके दिवशी एक व्यापारी डिस्क घेऊन आला. तीत अकरा हजार फोटो होते. "काका, वडिलांचं वर्षश्राद्ध आलंय. त्यांच्या फोटोंचं पुस्तक करायचंय. मी आणि धाकट्या भावानं, वसंतानं, काढलेले फोटो बहिणीनं एकत्र करून दिलेत. पण वसंतानं काढलेला एकही पुस्तकात नको."

शिष्येने कारण विचारले. "वडिलांच्या सहस्रचंद्रदर्शनाला हा सिंगापूरहून आला, तोही औक्षण उरकल्यावर. मी स्टुलावर चढून फोटो काढत होतो, मला कुठे दिसला नाही. दिसला तो थेट पंगतीत. वर म्हणतो, दादा, मी तिथंच होतो. वडील सकाळपासून 'वसंता आला का' म्हणून विचारत होते हो. महिन्याभरात गेले. तेव्हापासून आमचं बोलणं नाही."

शिष्येने सॉफ्टवेअरला सांगितले, सगळे फोटो वेळेप्रमाणे लाव. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच रांग लागली. औक्षण दहा वाजताचे. त्या दिवशी भावाने काढलेला पहिला फोटो बारा चौतीसचा.

"बघा, हातच्या कांकणाला आरसा कशाला," व्यापारी म्हणाला. पण जिंकल्याचा आनंद काही त्याच्या चेहऱ्यावर दिसेना.

शिष्या भावाचे फोटो काढून टाकणार, तेवढ्यात वृद्ध म्हणाले, "थांब. ही रांग मोड. त्या दिवशीच्या प्रत्येक फोटोत वडिलांच्या कपाळावर काय काय आहे, तेवढं बघ. शेठ, तुम्ही संध्याकाळी या."

शिष्या मनातल्या मनात चडफडली. अकरा हजार फोटो पडलेत आणि हे म्हणतात कपाळं बघ. पण गुरूंचा शब्द, बसली बघत. दुपार कलता कलता तिची चडफड आपोआप थांबली.

संध्याकाळी तिने दोन फोटो शेजारी शेजारी ठेवले. व्यापाऱ्याच्या फोटोत औक्षण चालले होते, वेळ दहा वाजून चार मिनिटे. वडिलांच्या डाव्या भुवईवर अक्षतेचा एक दाणा चिकटला होता आणि ते कॅमेऱ्याकडे न बघता भलतीकडेच बघून हसत होते.

"हा बिघडलेला फोटो आहे माझा," व्यापारी पुटपुटला.

भावाने काढलेल्या फोटोत नुसता वडिलांचा चेहरा होता. तोच दाणा, तेच हसू. नजर मात्र थेट समोर. व्यापाऱ्याच्या पुढच्या फोटोत, दोनच मिनिटांनी, वडील उपरण्याने भुवई पुसत होते.

"दाणा दोन मिनिटं टिकला," शिष्या हळूच म्हणाली. "तेवढ्यात भाऊ समोर होते."

"मग ते बारा चौतीस?"

वृद्ध म्हणाले, "तिथले बारा चौतीस म्हणजे इथले दहा चार. त्यांच्या कॅमेऱ्यात सिंगापूरची वेळ होती, अडीच तास पुढची. विमानातून उतरलेला माणूस वडिलांकडे धाव घेतो, घड्याळ लावत बसत नाही. खोटं कुणाचंच घड्याळ नव्हतं, शेठ. दोघांच्या आठवणी एका रांगेत लावायच्या, तर आधी दोघांनी पाहिलेली एक तरी गोष्ट शोधावी आणि तिथून मोजावं. आपण आपलंच घड्याळ धरतो आणि दुसऱ्याला म्हणतो, उशिरा आलास."

व्यापारी त्या बिघडलेल्या फोटोवर वाकला. वसंता आला का, याचे उत्तर वडिलांना मिळाले होते. वर्षभर ते ठाऊक नव्हते फक्त त्यालाच. त्याला रडू आवरेना. शिष्येने पाण्याचा पेला पुढे केला.

मग डोळे पुसून त्याने फोन काढला आणि नंबर लावता लावता थांबला.

"काका," त्याने विचारले, "तिकडे आता किती वाजले असतील?"