जळणाऱ्या हाताची चिमूट

फार वर्षांमागं, खाडीच्या तोंडाशी आमचं गाव नुकतंच वसलं तेव्हा, तिथं गोजराबाय नावाची वैदीण राहायची. ओहोटीनंतर पुळणीवर काळी, जड वाळू मागं राहायची. ती वाळू गोजराबाय धुवायची आणि न वाढणाऱ्या पोरांना तिचं पाणी थेंबभर चाटवायची. पोर बघता बघता वाढायचं, असं म्हणतात.

गावातल्या शेवंताच्या जावेचं पोर असंच वाढलं. रांगायच्या आधी उभं राहिलं. शेवंताचं पोर त्याच्याच वयाचं, पण अजून मांडीवर. थेंब त्यालाही मिळाला होता. तरी जाऊ आपलं पोर कडेवर घेऊन दारात आली की शेवंताच्या घशाखाली घास उतरत नसे. थेंबानं काय होतंय, असं म्हणत तिनं वैदिणीचं गाडगंच उचललं आणि सगळं पाणी पोराला पाजलं.

पोर दगड झालं. रडेना, मुठी उघडेना, असं म्हणतात.

गोजराबाय रागावली नाही. म्हणाली, "अगो, अंगाच्या कणाकणाला बारकी दारं असतात. मीठ, चुना तिथूनच ये-जा करतात. ही वाळू थोडी असली तर दार वाजवून घर जागं करते. जास्त झाली की उंबऱ्यातच फतकल मारून बसते."

(अशा वाळूत दुर्मिळ मृदा धातू असू शकतात. ते किंचित मिळाले तर पेशी कधी कधी वाढतात, फार झाले तर पेशींची आयनांची दारं अडवतात, हे मी कॉलेजात शिकले. गोजराबायला कुणी शिकवलं, कोण जाणे.)

मग पोराला उराशी धरून गोजराबाय ओहोटीच्या पाण्यात बसली. पोराच्या अंगातला वाळूचा काळेपणा तिच्या अंगात उतरत गेला.

"यापुढं माप कोण घेणार, बाय?" शेवंतानं काठावरून विचारलं.

"आईच्या हाताला माप नसतं. जिला तुझं बरं बघवत नाही, तिच्या हातून घे."

पोर टाहो फोडून रडलं. शेवंतानं ते उचललं, तेव्हा गोजराबायच्या जागी काळा खडक होता, असं म्हणतात.

आता ती वाळू पोरांना कुणी देत नाही, ते बरंच आहे. पण दुधी-पडवळाचं बी लावताना गोजराबायचं नाव घेऊन आळ्यात काळी चिमूट टाकतात. टाकायला बोलावतात ती आपल्यावर जळणारीलाच. तोंडावर तसं कुणी म्हणत नाही. ती हात आखडूनच टाकते, आणि वेल मांडवभर होतो.

यंदाही माझ्या जावेनं मलाच बोलावलं. मी चार कण टाकले. तिचे दुधी कुंपणावरून आमच्या अंगणात लोंबतायत.