ज्याची चिंधी त्यानं सोडायची

"पाच तोंडं आणि पाच उत्तरं? उद्या दुपारी मला एकच उत्तर पाहिजे!" राजा जयपाळ गरजला. "आणि नीट ऐका! कुणी आपला शब्द मागं घ्यायचा नाही. कुणी गप्प बसायचं नाही. आणि तरी पाचांनी एकच बोलायचं! नाही जमलं तर पंच मोडले, आणि माणसं आहे त्याच परांचीवर चढतील!"

आता हे व्हावं कसं? राजवाड्यापुढं नवा नगारखाना उठत होता. दसऱ्याला त्यावर नगारा वाजलाच पाहिजे, हा राजाचा हट्ट. भिंत चढली तशी बांबूची परांचीही चढली, आणि मागल्या आठवड्यात तिची एक फळी निसटून एका गड्याचा पाय मोडला. राजा हट्टी खरा, पण दुष्ट नव्हे. त्यानं कामावरचीच पाच जाणती माणसं पंच म्हणून बसवली. परांची धड आहे की नाही, एवढंच सांगायचं. झालं! आठ दिवस चिंचेखाली नुसता कालवा!

सुतार म्हणे, "माझे बांबू लोखंडासारखे. दोरच सैल!" दोरवाला म्हणे, "माझ्या दोरानं हत्ती बांधा. बांबूच चिरलाय!" गवंडी परांची भिंतीला धरणारे लोहाराचे आकडे वाकडे म्हणे, तर लोहार ते अडकवायच्या गवंड्याच्या भिंतीतल्या खाचा उथळ म्हणे. आणि पोट सुटलेला मुकादम पान चघळत म्हणे, "सगळं झकास आहे हो! माणसंच धांदरट!"

राजाचा हुकूम कोंडानंही ऐकला. कोंडा तिथं चुन्याची घमेली वाहायची. तिचा नवरा गेनू गवंडीकाम करायचा, आणि उद्या सगळ्यात वरच्या थराला तोच बसायचा होता. तिनं घमेलं खाली आपटलं आणि पदर खोचून तडक पंचांपुढं उभी राहिली.

"सुतारमामा, दोर सैल म्हणता. कुठला?"

"सगळेच!"

"सगळे नकोत. एक दाखवा. जिथं तुम्ही स्वतः पाय ठेवणार नाही, ती जागा दाखवा."

तिनं डोक्यावरच्या चुंबळीचं जुनेर टराटरा फाडलं आणि प्रत्येकाच्या हातात एकेक चिंधी ठेवली. "जा, बांधून या तिथं. ज्याच्या कामावर चिंधी बसेल त्यानं ते नीट करायचं. मात्र सोडायची ती ज्याची त्यानंच, मनाजोगतं झाल्यावर. दुसऱ्यानं हात लावायचा नाही!"

"मला नको बाई," मुकादम म्हणाला. "मला सगळं झकास दिसतंय."

"मग तुम्हीच आधी शेंड्यापर्यंत जाऊन या की, मुकादमकाका!"

मुकादमानं मान वर केली. मग आणखी वर केली. पान गिळलं. "दे गं इकडं एक चिंधी!"

बघता बघता परांचीवर पाच चिंध्या फडफडू लागल्या. सुतारानं दाखवलेली गाठ खरंच हलत होती. दसऱ्याच्या घाईत दोरवाल्यानं दोर कोरडाच बांधला होता. भिजवून बांधला असता तर वाळताना आवळला असता. दोरवाल्यानं दाखवलेला बांबू ठोकून पाहिला तर फुटक्या मडक्यासारखा वाजला. मुकादमाची चिंधी होती दगडांच्या ढिगाखालच्या फळीवर.

"एवढे दगड इथं रचायला सांगितले कुणी?" कोंडानं विचारलं.

"मीच," मुकादम पुटपुटला.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून सगळे कामाला लागले. शेजारच्या गाठीही भिजवून आवळल्या, बांबू बदलले, खाचा खोल झाल्या, आकडे सरळ झाले, दगड उतरले. एकेक चिंधी सुटली. दुपारी राजा आला.

"बोला! परांचीचं काय?"

"चढा!" पाचही जण एकदम ओरडले.

राजा दचकलाच. "मग आपला शब्द गिळला कुणी?"

"कुणीच नाही, महाराज," कोंडा पुढं झाली. "सुतारमामा दोर सैल म्हणाले, तो होता. दोरवालेदादा बांबू चिरलाय म्हणाले, तोही होता. मुकादमकाका सगळं झकास म्हणाले, ते आता झालंय. सगळ्यांचं खरं निघालं, म्हणून तर आता चढता येतंय!"

"मग आठ दिवस भांडत का होते?"

"भांडण चांगलंच होतं की! चिंचेखाली बसून होतं, ते मी परांचीवर चढवलं इतकंच."

"असं? मग मीच बघतो!" राजानं शेला कमरेला कसला आणि निघाला वर. पहिला मजला गेला, दुसरा गेला. तिसऱ्यावर फळी करकरली! "अरे, ही लवते!" राजानं शेल्याचा काठ फाडून तिथं चिंधी बांधली आणि घाम पुसत भराभर खाली आला.

"एवढं वजन तिच्यावर अजून कुणी चढवलं नव्हतं, महाराज," कोंडा म्हणाली. मुकादमानं तोंडावर उपरणं धरलं.

सुतारानं त्या फळीला दुसरी जोड दिली. राजानं हात उंचावला. "हं, चढ रे गेनू!"

गेनूनं पाय उचलला तोच कोंडा आडवी आली. "थांबा! वर अजून एक चिंधी आहे."

"तो गेनू सोडेल ना जाता जाता!"

"असं कसं? शब्द मागं घ्यायचा नाही हा हुकूम तुमचा. ती चिंधी तुमचा शब्द, महाराज. ज्याची चिंधी त्यानंच सोडायची!"

राजानं तिसऱ्या मजल्याकडं पाहिलं. मग स्वतःच्या पोटाकडं पाहिलं. आणि असा खदखदून हसला, असा हसला, की चिंचेवरचे कावळे उडाले!

हसतहसतच तो पुन्हा वर गेला. जोड दिलेल्या फळीवर दोनदा उडी मारली, चिंधी सोडली आणि धापा टाकत उतरला. पाठोपाठ गेनू सरसर शेंड्यावर पोचला. राजानं अंगावरचा जरीचा शेला काढून कोंडाच्या खांद्यावर टाकला.

"आजपासून पंच सहा! आणि हा शेला तुझा. काठ तेवढा फाटलाय बघ."

"फाटलेलाच बरा, महाराज," कोंडा म्हणाली. "उद्यापासून चिंध्या लागतीलच की!"