गोणपाटातले शंभर दाणे

बुधवार, बारा जून. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. अचलवाडीच्या आश्रमाची पडवी.

"पण आई, पहिल्या नंबरचं सोडून चौथ्या नंबरचं कॉलेज कुणी घेतं का?"

विचारणारी शाल्मली ढोबळे, वय अठरा. बीबीएच्या प्रवेश परीक्षेत जिल्ह्यात दुसरी, हे तिनं दंडवत प्रणाम म्हणायच्या आधीच सांगून टाकलं होतं. दोन कॉलेजांनी तिला जागा दिली होती. आज संध्याकाळी पाचपर्यंत एकाला होकार कळवायचा होता. चार दिवस घास घशाखाली उतरत नव्हता.

आश्रमात सगळे ज्यांना आई म्हणत, त्या तपस्विनी कमळाई ओल्या गोणपाटाची वळकटी उलगडत होत्या. आश्रमाचं तीन एकर शेत आहे. पेरणीआधी सोयाबीनचे शंभर दाणे असे गुंडाळून ठेवायचे आणि पाचव्या दिवशी कोंब मोजायचे, ही तिथली रीत.

"मोज."

"मी कॉलेजचं विचारतेय, आई."

"मोज गं. हुशार आहेस ना?"

"...चौसष्ट उगवलेत."

कमळाईंनी न उगवलेले छत्तीस दाणे एकेक करून वेचले आणि पदरात टाकले.

"आता इथले किती टक्के उगवले?"

"...शंभर."

"बरं. मग पेरू हे बियाणं?"

शाल्मली हसली. मग हसायची थांबली.

तिनं पिशवीतून पहिल्या नंबरच्या कॉलेजची चकचकीत पुस्तिका काढली. वर ठळक छापलेलं : शंभर टक्के नोकऱ्या. आत नोकरी लागलेल्यांचे फोटो. ती बोट ठेवून मोजत गेली. चौऱ्याहत्तर. शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत, त्याच तुकडीत प्रवेश घेतलेल्यांचा आकडा होता. एकशेवीस.

चौथ्या नंबरच्या कॉलेजनं झेरॉक्सचा एकच कागद दिला होता. साठ आले. एक्केचाळीस नोकरीत, नऊ पुढं शिकताहेत, सहा घरच्या धंद्यात. चौघांनी मध्येच सोडलं. का सोडलं, तेही लिहिलेलं.

"पण मी थोडीच न उगवणाऱ्यांतली असणार?" तिचा आवाज लहान झाला होता.

कमळाईंनी पदर तिच्यापुढं धरला.

छत्तीसच्या छत्तीस दाणे टपोरे होते.

...

तीन चाळीसला शाल्मलीनं मोबाईलवरून होकार पाठवला. मग वडिलांना फोन लावला.

"बाबा, ठरलं. चौथ्या नंबरचं... अहो नाही, रडत नाहीये. हसतेय."

फोन ठेवला. पाय पसरून भिंतीला टेकली.

"आई, भाकरी आहे का काही?"

पिठलं होतं. तिनं दोन भाकऱ्या खाल्ल्या, ताट पुसून. हात धुतले आणि ती पुस्तिका पुढं केली.

"ही चुलीत घाला."

"थांब. यावर त्यांचा फोन नंबर असेल. लाव."

"आता कशाला? माझं सुटलं की!"

"तुझं सुटलं. उरलेली सेहेचाळीस पोरं कुठं आहेत, ते विचार."

तिनं विचारलं. पलीकडची बाई तोवर फार गोड बोलत होती.

...

"तुम्हाला प्रवेश घ्यायचाय का, तेवढं सांगा."

फोन कट.

शाल्मलीनं कमळाईंकडं पाहिलं. त्या पदरातले दाणे पुन्हा मोजत होत्या. मान वर न करता म्हणाल्या,

"परत लाव."