सद्बुद्धी सोडून काहीही मागा

एकदा एक तरुण पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, आपल्या वृद्ध गुरूंकडे आला. गुरूही पाळकच होते. आता निवृत्त होऊन पेरूची झाडे सांभाळीत. शिष्याच्या गावात चर्च एकच. पण ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दोन पॅनेल झाले आणि चर्चची मंडळीही दुभंगली. हरलेल्या पॅनेलचे यहोशवा पाटोळे यांनी यंदाचा नाताळ आपल्या माणसांसह समाजमंदिरात वेगळा करायचे ठरवले होते.

"प्रीतीवर उपदेश केला," शिष्य म्हणाला, "तर दोन्ही पक्षांनी माझे हात हातात घेतले. म्हणाले, बरं सुनावलंत त्यांना! मग दोघांकडे चहा घेऊ लागलो, तर दुटप्पी ठरलो. दोघांकडचाही सोडला, तर म्हणतात, पाळकसाहेब चोरून तिकडे पितात. मी आता करू तरी काय?"

"रविवारी मी येतो," गुरू म्हणाले. "तू बाकावर बस."

रविवारी इतरांसाठी प्रार्थना करण्याची वेळ आली, तेव्हा गुरू व्यासपीठावरून खाली उतरले. जिंकलेल्या पॅनेलचे शमुवेल मकासरे पुढच्याच बाकावर होते.

"मकासरे, पाटोळ्यांच्या घरासाठी प्रार्थना करा."

मंडळीत कुजबूज झाली. मकासरे उठले. श्वास न घेता दीर्घकाळ प्रार्थना करण्याबद्दल त्यांचा पंचक्रोशीत लौकिक होता. त्यांनी डोळे मिटले. "हे कृपाळू प्रभू, आमच्या यहोशवाला सद्बुद्धी दे..."

"थांबा," गुरू म्हणाले. "सद्बुद्धी नको. ती आपण नेहमी दुसऱ्यासाठीच मागतो. त्यांना काय हवं आहे, ते मागा."

"ते मला काय ठाऊक?"

"मग विचारा. समोर तर बसलेत."

मकासऱ्यांनी खिडकीकडे पाहत विचारले, "काय रे, काय मागू?"

"काही नको," पाटोळे छताला म्हणाले. "देवाच्या दयेनं सगळं आहे."

प्रार्थना आता इथेच संपते की काय, असे वाटत असताना स्त्रियांच्या बाजूने पाटोळेबाईंचा आवाज आला. "सुनेसाठी मागा, भावजी. सातवा महिना आहे. डॉक्टर म्हणतात, बाळ नीट हलत नाही."

मकासऱ्यांनी प्रथमच वळून पाहिले. "आणि आम्हाला सांगितलं नाहीत, वहिनी?"

"कुणाला सांगायचं? आम्ही दिसलो की तुम्ही रस्ता बदलता!"

मकासऱ्यांनी पुन्हा डोळे मिटले. त्या दिवशी त्यांची प्रार्थना फारच आखूड झाली. "प्रभू, पोरीला सांभाळ. बाळाला..." एवढे बोलून ते अडखळले आणि खाली बसले. आमेन म्हणायचे मंडळीलाच सुचले.

"पाटोळे, आता तुम्ही."

पाटोळे उठले. म्हणाले, "मला यांच्या घरचं काहीच माहीत नाही, बाबा. पुढच्या रविवारी करतो. आधी विचारून येतो."

बसकडे जाताना शिष्य गोंधळलेलाच होता. "बाबा, मला काही समजलं नाही. दोघांनी पॅनेल सोडलं नाही. कुणी क्षमा मागितली नाही. समाजमंदिराचा बेत रद्द झाला, असंही कुणी म्हणालं नाही. मग मंडळी जुळली की नाही?"

"जुळली की नाही, मला कळत नाही," गुरू म्हणाले. "पण पुढच्या रविवारी पाटोळे चर्चमध्ये येणार आहेत, आणि त्याआधी मकासऱ्यांचं दार वाजवणार आहेत. मतं त्यांची त्यांना असू देत. तू त्यांना एकमेकांवर प्रीती करायला सांगत होतास. पण माणसाच्या घरात काय दुखतंय हे ठाऊक नसताना प्रीती करायची ती कशावर? बरं, पाटोळ्यांच्या सुनेचं तुला माहीत होतं?"

शिष्याला ते माहीत नव्हते. गावातले कोणते घर कोणत्या पॅनेलचे, हे मात्र त्याला तोंडपाठ होते.

गुरूंना बसमध्ये बसवून तो निघाला. चर्चच्या फाटकाशी जुनाच पेच समोर आला: आधी कुणाकडे जावे? आधी मकासऱ्यांकडे गेलो, तर पाटोळे काय म्हणतील? आधी पाटोळ्यांकडे गेलो, तर मकासरे काय म्हणतील? तो काही क्षण तिथेच घुटमळला. मग, जिथे बाळाची काळजी होती, त्या घराकडे वळला.